नोकरी शहरात, बिऱ्हाड वेशीवर : भाड्याच्या घराचा दीडशे वर्षांचा मागोवा

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावातून एखादा तरुण नोकरीसाठी मुंबईस वा सुरतेस निघाला, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी त्यास दोन प्रश्न विचारतात. पहिला पगाराचा आणि दुसरा "उतरणार कुठे?" हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमणूकपत्रात लिहिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही कागदावर नसते. ते ज्याचे त्याला शोधावे लागते आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांचे सुखदुःख पुष्कळदा त्यावरच ठरते. शहरात राहावे तर भाडे पगार गिळते. शहराबाहेर राहावे तर प्रवास दिवस गिळतो.

हा पेच आजचा नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी निघाली आणि पहिली आगगाडी धावली त्या दशकात त्याचा जन्म झाला. तेव्हापासून प्रत्येक पिढीने तो आपापल्या ऐपतीप्रमाणे सोडविला. कोणी गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात खोली घेतली, कोणी रुळांच्या कडेने दूर सरकला, कोणी पागडी भरून चाळीत पाय रोवले. त्या वाटचालीकडे पाहिले तर आज भाड्याचे घर शोधणाऱ्यासही काही बोध घेता येईल.

भोंग्याच्या टप्प्यातील खोली

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून मुंबई वाढली. पुढील दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागात गिरण्यांची धुरांडी उभी राहिली आणि त्यांच्या सावलीत चाळी उठल्या.

गिरणी कामगार गिरणीजवळच राहत असे, याचे कारण केवळ चालण्याचे श्रम वाचविणे एवढेच नव्हते. कायम नसलेल्या कामगारास 'बदली' म्हणत. त्याला रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहावे लागे आणि जॉबरने बोट केले तरच त्या दिवसाचे काम मिळे. दूर राहणाऱ्याचे बोट चुके. दुसरे कारण उधारीचे. पगार महिन्याने होई, पोट मात्र रोजचे. धान्याचा दुकानदार ज्याला ओळखतो, ज्याचे बिऱ्हाड त्याच्या नजरेसमोर आहे, त्यालाच उधार देतो. हे व्यापारातले साधे सूत्र आहे. म्हणून चाळ बदलणे म्हणजे नुसती खोली बदलणे नव्हते, तर पत नव्याने मिळविणे होते. तिसरे कारण गाववाल्यांचे. एका गावची माणसे मिळून एक खोली भाड्याने घेत. कोणी दिवसपाळीला जाई, कोणी रातपाळीला, आणि एकाच खोलीत आळीपाळीने माणसे झोपत. जेवण खाणावळीत होई. ती चालविणाऱ्या बायांनी गिरणगावाचे पोट सांभाळले. त्यांच्याच संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

काम, पत आणि ओळख ही तिन्ही एकाच गल्लीत असल्यामुळे कामगार दहा बाय बाराच्या खोलीचेही भाडे भरत होता. त्या भाड्यात नुसत्या जागेची किंमत नव्हती.

रिकाम्या राहिलेल्या चाळी

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली आणि शहर हादरले. दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडील जमिनी वसाहतींसाठी आखल्या आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांपैकी परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. परंतु रस्त्यासाठी जितकी घरे पडली तितकी नवी झाली नाहीत. उरलेल्या घरांचे भाडे चढले.

पहिल्या महायुद्धानंतर टंचाई असह्य झाली. तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट अर्थात बीडीडी हे खाते निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. त्याच्या खर्चाला हातभार म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. म्हणजे वऱ्हाड-खानदेशातून मुंबईस गेलेल्या गाठींचाही रुपया त्या भिंतींत आहे. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ व शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ इमारती झाल्या. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, आणि प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची.

यानंतर जे घडले ते भाड्याच्या घराच्या इतिहासातील सर्वांत मोठा धडा आहे. शहरात जागेचा दुष्काळ असताना वरळीच्या या नव्या पक्क्या चाळी बव्हंशी रिकाम्या पडून राहिल्या. वरळी त्या काळी एका बाजूस होती. गिरण्या दूर, बाजार नाही, ओळखीचा दुकानदार नाही, गाववाले नाहीत. आणि त्या मानाने भाडेही परवडणारे नव्हते. सरकारला तोटा सोसावा लागला. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवण्यासाठी यांतील काही इमारती तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. भिंती मजबूत होत्या, छप्पर गळत नव्हते, तरीही तेथे भाडेकरू आला नाही. घर चार भिंतींमुळे राहण्याजोगे होत नाही, भोवतालच्या व्यवहारामुळे होते.

पुढे वस्ती वाढली, बसगाड्या आल्या, बाजार बसला आणि त्याच चाळी माणसांनी ओसंडून गेल्या. आता त्यांचा पुनर्विकास चालू असून १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. जी जागा शंभर वर्षांपूर्वी नको होती, ती आज देशातील महाग जागांपैकी एक आहे.

रूळ लांबले, घर लांबले

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी चौतीस किलोमीटरची पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत रोज एक गाडी सुरू झाली. सकाळी यावयाचे आणि संध्याकाळी परतावयाचे. आज त्याच मार्गावर मिनिटामिनिटाला गाड्या धावतात, परंतु 'बिऱ्हाड तिकडे, काम इकडे' ही कल्पना त्या एका गाडीनेच प्रथम शक्य केली.

तथापि आरंभी उपनगरांत राहणारे लोक मुख्यतः सुखवस्तू होते. कारकून, शिक्षक, लहान दुकानदार हा वर्ग गिरगाव, ठाकूरद्वार, दादर येथेच चाळीत राहत असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी धावली आणि १९२८ मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गही विजेवर आला, तेव्हा चित्र पालटले. गाड्या वेगवान व वारंवार झाल्या. पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली ही नावे मध्यमवर्गाच्या पत्त्यात येऊ लागली.

यात मासिक पासाचा वाटा फार मोठा आहे. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या महिन्याच्या पासाला सुट्या पंधरा फेऱ्यांच्या आसपास पैसे पडतात, फेऱ्या मात्र पन्नासहून अधिक होतात. इंग्लंडमध्ये १८८३ साली कामगारांना स्वस्त दरात गाड्या देणे रेल्वे कंपन्यांना कायद्याने भाग पाडण्यात आले आणि लंडनच्या कामगारवस्त्या रुळांच्या कडेने बाहेर सरकल्या. जपानमध्ये नोकरदाराच्या पासाचे पैसे बहुधा मालकच भरतो. म्हणून टोकियोचा नोकरदार दीड तासावर राहण्यास कचरत नाही. आपल्याकडे सरकारी स्वस्त पासाने हेच काम केले. एका अर्थाने पास म्हणजे दूरच्या घराच्या भाड्याला मिळालेली सवलतच होय.

घर दूर गेले तशी जेवणाची सोयही बदलली. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था याच अंतरातून जन्मली. घर आणि कचेरी एका गल्लीत असती तर डबेवाल्याची गरज पडती ना. नोकरदार स्त्रियांची संख्या वाढल्यावर पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी केवळ महिलांसाठी लोकल सुरू केली. त्याच महिन्यात, ९ मे रोजी, मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या नव्या मुंबईस खऱ्या अर्थाने बिऱ्हाडे मिळू लागली. आज चर्चगेटपासून साठ किलोमीटरवरचे विरार मागे पडले असून २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. मध्य रेल्वेवर ती कसारा व कर्जतपर्यंत जाते. पुण्याहून १९३० मध्ये सुरू झालेल्या 'डेक्कन क्वीन'ने आणि मनमाड-नाशिकहून १९७५ पासून 'पंचवटी'ने रोज ये-जा करणारे पासधारकही आहेत.

गोठलेले भाडे

रेल्वेने घर दूर जाण्याची सोय केली. जवळ राहण्याचा मार्ग मात्र कायद्याने अरुंद केला. हे वाचकांस विपरीत वाटेल, कारण कायदा भाडेकरूच्या संरक्षणासाठीच होता. महायुद्धांच्या काळात बेसुमार भाडेवाढ रोखण्यासाठी प्रथम १९१८ मध्ये व पुढे पुन्हा निर्बंध आले. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा हा त्यांतील सर्वांत दीर्घकाळ टिकलेला. त्याने जुन्या जागांचे प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले.

ज्याच्याकडे खोली होती तो निश्चिंत झाला. ज्याच्याकडे नव्हती त्याला मात्र दार बंद झाले. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली. भाड्यासाठी नवी इमारत बांधणे तर धनिकांनी थांबविलेच. दुरुस्तीची जबाबदारी अखेर शासनास घ्यावी लागली व १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करणारे मंडळ निर्माण झाले. खोली हातोहात जाताना पागडीचा व्यवहार अंधारात होऊ लागला. १९७३ मध्ये त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. परिणामी आपली रिकामी सदनिका कोणास राहावयास देण्याचेच मालक भिऊ लागले.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत दिले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ तयार होऊन ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने पागडीस मान्यता दिली आणि 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने दिलेली जागा मुदत संपताच परत मिळण्याची वाट मालकास मोकळी करून दिली. आज बाहेरगावचा तरुण जी जागा घेतो ती बहुधा याच कराराने. हा करार लेखी व नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी झालेली नसेल तर अटींविषयी वाद उद्भवल्यास भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. 'अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?' असे म्हणणाऱ्या दलालास हे कलम दाखवावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जवळच्या बिऱ्हाडाचा जुना आधारही सुटला. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या व उंच इमारती आल्या. ज्यांचे आजोबा भोंगा ऐकून पायी कामास जात, त्यांचे नातू विरार-बदलापूरहून त्याच जागेवरील कचेरीत गाडीने येऊ लागले. जनगणनेचे आकडे बोलके आहेत. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. तत्कालीन ठाणे जिल्ह्याची मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली.

ओळखीचे दार

परगावच्या माणसास पहिला आसरा मिळतो तो ओळखीच्या दारी. मुंबईत गोवेकरांचे कूड होते, कोकणातील गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या. जैन समाजातही ही दृष्टी लवकर आली. मूळ सुरतेचे दानशूर सेठ माणिकचंद हिराचंद जवेरी यांच्या प्रेरणेने सी. पी. टँक येथे हिराबाग धर्मशाळा उभी राहिली. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय स्थापन होऊन विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय झाली. त्याच वर्षी गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था स्थापून, भाडेकरूंनीच आपल्या घरांचे मालक व्हावे, हा नवा मार्ग दाखविला.

आपल्या घरांतील तरुणांपुढे आणखी एक प्रश्न असतो, तो इतरांच्या ध्यानात सहसा येत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्याची कचेरी सहा वाजता सुटते आणि दूरच्या उपनगरात पोचेपर्यंत आठ वाजतात. हिवाळ्यात तर सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. म्हणून कोणी संध्याकाळचा डबा बरोबर नेतो, तर कोणी थोडे अधिक भाडे देऊन जवळची लहान खोली पत्करतो. त्याचे अधिकचे भाडे हा उधळेपणा नव्हे. तो आपल्या नियमाची किंमत मोजत असतो.

खानदेशची वाट सुरतेकडे

आपल्या भागास मुंबईहून सुरत जवळची. एकोणिसावे शतक संपता संपता तापी खोऱ्यातील रेल्वे सुरत, नंदुरबार, अमळनेर या वाटेने झाली आणि खानदेशचे एक दार पश्चिमेस उघडले. शहादा तालुक्यास रेल्वे नाही. ब्राह्मणपुरी-शहाद्याच्या माणसास नंदुरबार वा दोंडाईचा गाठून गाडी धरावी लागते. वाटेत नवापूरचे स्थानक लागते. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात तर अर्धा गुजरातेत आहे.

सुरतेत कापडाच्या गिरण्या, यंत्रमाग, रंगाई-छपाई आणि हिरे यांचे धंदे फोफावले, तसे खानदेशातील हजारो लोक तेथे गेले. त्यांनी बिऱ्हाडे केली ती मुख्यतः उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत. निवड सहेतुक होती. खानदेशची गाडी सुरतेच्या आधी उधन्यास पोचते. माग व प्रक्रिया कारखाने जवळ. आणि शेजारी अहिराणी बोलणारा. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची भीती पसरली, तेव्हा लाखो लोक शहर सोडून निघाले आणि खानदेशच्या गाड्या भरभरून आल्या. ज्याचे बिऱ्हाड गाडीच्या वाटेवर होते त्याला त्या दिवशी गाव जवळ होते. परळच्या बदली कामगाराने लावलेला हिशेबच उधन्याच्या खानदेशी माणसाने लावला : काम, ओळख आणि परतीची वाट.

चार रकान्यांची खतावणी

दीडशे वर्षांच्या या अनुभवातून घर निवडताना चार रकाने मांडावेत असे दिसते.

पहिला रकाना रोख पैशाचा. यात भाड्याबरोबर अनामतीवर बुडणारे व्याज, दलाली, सोसायटीची देणी, पास, स्थानकापर्यंतची रिक्षा आणि उन्हाळ्यातील पाण्याचा टँकर हे सर्व धरावे. स्थानकापासून दूर असलेले स्वस्त घर रिक्षाच्या भाड्याने पुष्कळदा महाग पडते.

दुसरा रकाना वेळेचा. समजा, जाण्यास दीड तास व येण्यास दीड तास लागतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७५ तास, वर्षाचे ९०० तास झाले. आठ तासांच्या कामाच्या दिवसांत हे एकशे बारा दिवस भरतात. तीस वर्षांच्या नोकरीत २७,००० तास, म्हणजे अहोरात्र मोजली तरी तीन वर्षांहून अधिक काळ गाडीत जातो. मूल लहान असताना बाप पहाटे निघतो आणि ते झोपल्यावर परततो, हा खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही.

तिसरा रकाना जोखमीचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो नोकरदार रात्रभर पाण्यातून चालले किंवा कचेरीतच अडकले. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारातून पडून प्रवाशांना प्राण गमवावे लागले. ज्या स्थानकावर गाडीत शिरता येत नाही तेथे भाडे कमी असले तर त्यात नवल नाही. गाडी जेथून सुटते ते स्थानक दहा मिनिटे दूर असले तरी पुष्कळदा बरे. मुलीसाठी घर पाहताना स्थानकापासूनचा रस्ता रात्री दहा वाजता स्वतः चालून पाहावा.

चौथा रकाना ओळखीचा. अडीनडीला दार ठोठावण्याजोगा शेजारी, उधार देणारा दुकानदार, मंदिर, दवाखाना, मुलांची शाळा. वरळीच्या रिकाम्या चाळींनी या रकान्याचे मोल शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे.

नव्या माणसाने आरंभीच मोठी अनामत गुंतवून दूरवर घर घेऊ नये. पहिले सहा महिने ओळखीच्या किंवा वसतिगृहाच्या खोलीत काढावेत, एक पावसाळा पाहावा, गाड्यांची गर्दी अनुभवावी आणि मगच करार करावा. एकट्याने थोडे दूर राहिलेले चालते; संसार मांडल्यावर वेळेचा रकाना जड होतो आणि तेव्हा लहान पण जवळचे घर परवडते. मेट्रो, सागरी पूल, नवे मार्ग होत आहेत व होतील. २०२४ मध्ये अटल सेतू झाला, २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली. मात्र रूळ पोचताच भाडेही चढते, हा बोरिवलीपासून वाशीपर्यंतचा अनुभव आहे. म्हणून जो रूळ पोचण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे तेथे पोचतो, तो स्वस्तात राहतो. परंतु तोवरची पायपीट त्याने खर्चाच्या बाजूस लिहून ठेवावी.